सातवं रोप

सरूबाईनं सहा रोपं उपटून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवली होती. मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला, जुडी बांधण्याआधी मेथी मांडतात तशी. सोनिया दुकानातून आली, स्कूटीची किल्ली तिनं खिळ्याला अडकवली, तोंडावरचा स्कार्फ सोडायला हात वर नेला आणि तो तिथंच राहिला.

"येळेवर दिसलं म्हणून बरं," सरूबाई म्हणाली. "लाल्या पडला व्हता तुझ्या कुंडीत. सातातली सहा गेली. एक तेवढं शाहणं निघालं, ते ठिवलंय."

लाल्या म्हणजे कपाशीचा रोग. कन्नड तालुक्यातल्या घरच्या शेतात सरूबाईनं चाळीस वर्षं कपाशी खुरपली होती, वेचली होती, आणि उभं हिरवंगार रान पंधरा दिवसांत लाल पडताना चार-पाच वेळा तरी पाहिलं होतं. हा रोग एका झाडाचा दुसऱ्याला लागत नाही, हे सांगून सांगून गावातला कृषी सहायक थकला. सरूबाईला ते कधी पटलं नाही. लाल पान दिसलं की झाड उपटायचं आणि बांधाबाहेर फेकायचं, हा तिचा कायदा. आता तो तिनं सिडकोतल्या एका रो-हाउसच्या कट्ट्यावर, एका कुंडीला लावला होता.

शिवाय तिचे डोळे नवे होते. सोनिया औरंगपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला बसे. ओळखीच्या डॉक्टरांकडून तिनंच सासूच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढवून घेतले होते. पट्टी सुटली त्या दिवशी सरूबाई पाण्याच्या निळ्या ड्रमपुढं किती तरी वेळ उभी होती. इतकी वर्षं सगळं जग तिला चहाच्या रंगाचं दिसत होतं, आणि ते तसंच असतं असं ती धरून चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, मातीत तर मुळीच नाही. मग बाई दिवसभर खुर्चीत बसून दारापुढून जाणाऱ्या माणसांची लुगडी-शर्ट मोजू लागली. कुंडी कट्ट्यावर, छातीच्या उंचीवर होती. वाकावं लागत नव्हतं. महिन्याभरात तिला पहिल्यांदाच हाताला काम सापडलं होतं, आणि ते काम चोख झाल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

सोनियानं स्कार्फ सोडला.

"बरं झालं, आत्याबाई," ती म्हणाली. सासूला आत्याबाई म्हणायची त्यांच्याकडची रीत होती.

ती रोपं जन्मतःच जांभळी होती. लाल्या नव्हता तो.

सोनियाचे वडील अप्पाराव, तिचे अण्णा, अजिंठ्याचे. लेण्यांच्या पायथ्याशी जी बाग आहे तिथं ते माळी होते. सोनिया पाच-सहा वर्षांची असेल तेव्हा कुठल्याशा देशाची एक म्हातारी बाई तिथं आठवडाभर चित्रं काढत बसली होती. अप्पाराव तिला रोज सावलीची जागा धरून देत. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती, त्यामुळे भांडायचं काही कारण नव्हतं. जाताना तिनं त्यांच्या हातावर फिल्मच्या रोलची एक काळी डबी ठेवली. आत बी होतं, सब्जासारखं बारीक.

त्या बियांतून आलेलं झाड अंगणात वाढलं ते थेट जांभळाच्या रंगाचं. पानं, दांडे, तुरे, सगळं. शेजारपाजारचे कृष्णतुळस म्हणून पाया पडायला आले. अप्पाराव हसले आणि म्हणाले, तुळस नाही ही, तुळशीची लांबची पाहुणी आहे. वासही तसाच होता, तुळशीसारखा म्हणावा तर लवंगेकडं झुकणारा आणि मागून थोडी बडीशेप. ते तिला नुसतं 'जांभळी' म्हणत. संध्याकाळी कामावरून आले की काचेच्या पेल्यात गरम पाणी घेऊन चार पानं टाकत. पाणी हळूहळू निळसर होई. मग सोनियाला म्हणत, घाल फुंकर. ती गाल फुगवून फुंकर घाली, त्याच वेळी ते वरून लिंबाचे दोन थेंब पिळत, आणि पाणी गुलाबी होई. आपल्या फुंकरीनं पाणी रंग बदलतं असं सोनियाला चौथीपर्यंत वाटत होतं. लिंबाचं कळल्यावर ती दोन दिवस वडिलांशी बोलली नाही.

जांभळी वर्षाचीच असते. दरसाल बी धरायचं, दरसाल पेरायचं. अप्पारावांनी पंचवीसेक वर्षं तेच केलं. पाच वर्षांपूर्वी ते गेले, अंगणात भावानं फरशी घातली, आणि आईच्या पेटीतून ती काळी डबी सोनियाच्या वाट्याला आली. तिला दुसरं काही नकोच होतं.

पण पेरलं मात्र नाही. उद्या पेरू, पुढच्या श्रावणात पेरू, असं करत तिनं वर्षं घालवली. डबी बंद आहे तोवर अण्णा आत आहेत, असं काहीतरी तिच्या मनात बसलं होतं. आणि असलं काही मनात बसलं की शहाण्या माणसालाही ते हलवता येत नाही. यंदा कुणीतरी तिला सांगितलं की असलं बी चार-पाच वर्षांपलीकडं उगवत नाही. ती घाबरली. त्याच रविवारी तिनं होतं नव्हतं ते सगळं बी कुंडीत टाकलं. डबी उलटी करून तळाला टिचकी मारली. नळाला सहाव्या दिवशी पाणी येई, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी जपून जपून घातलं. सात उगवली. सहा पहिल्या पानापासून जांभळी. सातवं मागं, भिंतीच्या सावलीत, हिरवंच.

त्या संध्याकाळी सोनियानं वर्तमानपत्र उचललं आणि केरात टाकते असं दाखवून आत नेलं. कान तुटलेला एक कप होता, त्यात पाणी भरून सहाही रोपं उभी केली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. राग आला होता तिला, चांगलाच आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. सासूवर काढावा तर ती बिचारी आपल्या परीनं घर राखत होती. स्वतःवर काढावा तर पाच वर्षांचा हिशेब निघाला असता. नवरा, सत्यम, वाळूजच्या कंपनीतून दुसरी पाळी संपवून आला, त्याला ती एवढंच म्हणाली की रोपं काही जगली नाहीत. तो म्हणाला, पुन्हा पेर. ती बरं म्हणाली.

रोज सकाळी दुकानात जाण्याआधी ती कपातलं पाणी बदलत होती. मुळं नखाएवढीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी शेंडे वाकले, तिसऱ्या दिवशी पानं काळी पडली. पाचव्या दिवशी सकाळी तिनं रोपं कागदात गुंडाळली, ती रिकामी डबीही त्यातच घातली आणि सगळं केरात टाकलं. रिकामी डबी ठेवून काय करायचं होतं? संध्याकाळी आली तर कान तुटलेला कप घासून, पुसून फळीवर पालथा घातलेला होता.

सरूबाई त्या उरलेल्या रोपाची राखणदार झाली. सकाळी खुर्ची कट्ट्याजवळ ओढायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत उठायची नाही. शेजारणीची मांजर कुंडीकडं नुसतं बघून गेली तरी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. नळाचं पाणी यायचं त्या दिवशी ती पहिला तांब्या रोपाला घाली, मग घरातले ड्रम. सोनियाला हे सगळं बघवत नव्हतं. हिरवं रोप तिला परक्या घरून आलेल्या पाहुण्यासारखं वाटत होतं. ती जाता-येता त्याच्याकडं पाहणं टाळत होती, आणि टाळते आहे हे कुणाला कळत नाही असं समजत होती.

एका रविवारी दुपारी सरूबाई आत पेंगत होती. गल्ली चिडीचूप होती. भाद्रपदातलं ते दमट, स्थिर ऊन भिंतींवर पसरलं होतं आणि कुठंतरी प्रेशर कुकरची शिट्टी अर्धीच वाजून थांबली. सोनिया वाळलेले कपडे काढायला बाहेर आली. कपडे काढताना तिची ओढणी रोपाला घासली, आणि तिच्याभोवती एकदम तो वास उभा राहिला. लवंग, आणि मागून थोडी बडीशेप.

ती कपडे छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग एक पान तिनं बोटांत चोळलं. अण्णांच्या हातांचा वास. रंग नव्हता, पण वास अगदी तोच होता. आत जाऊन ती त्याच बोटांवर गाल टेकून आडवी झाली आणि तिला झोप लागली.

झोपेत ती बागेत होती. लेण्यांचा डोंगर मागं होता आणि सगळ्यावर संध्याकाळचा जांभळा रंग चढला होता, गवतावर, फरसबंदीवर, झारीवर. अण्णा पाठमोरे, खाकी शर्टात, नळाखाली हात धूत होते. त्यांच्या बोटांवरून पाणी उतरत होतं ते गुलाबी होत होतं. ती म्हणाली, अण्णा, मी पेरायला उशीर केला. त्यांनी मान वळवली नाही. हात झटकले, थेंब तिच्या तोंडावर उडाले आणि तिला ते गार लागले. जाग आली तेव्हा उशी ओली होती. स्वयंपाकघरात सरूबाई चहासाठी भांडी वाजवत होती.

त्या दिवसापासून ती रोपाकडं पाहू लागली.

दसरा झाला. ढग गेले आणि आश्विनाचं ऊन पडू लागलं, स्वच्छ, कडक. गावाहून थोरल्या मुलाचा, कृष्णाचा, दर दोन दिवसांनी फोन येऊ लागला. वेचणी सुरू झाली, बाया मिळेनात, आई कधी येतेय? डॉक्टरांनी तर केव्हाच मोकळीक दिली होती. पण सरूबाई म्हणायची, डोळ्याला अजून पाणी येतंय. सोनियाला नवल वाटत होतं. शहरातल्या पाण्याला, दुधाला, भाजीला, एकूण एक गोष्टीला नावं ठेवणारी ही बाई वेचणीच्या दिवसांत इथं कशी रमली?

आणि मग एका सकाळी दुकानात निघताना सोनियाला ते दिसलं. रोपाच्या मधल्या दांड्याला बाजूनं एक फांदी फुटली होती, करंगळीएवढी. तिच्या पानांच्या कडांना जांभळी झाक होती. जांभळीला रंग उन्हानं चढतो, अण्णा म्हणायचे. सावलीतलं रोप हिरवंच राहतं. ती हे साफ विसरून गेली होती.

आनंद तिला जेमतेम स्कूटीपर्यंत पुरला. सासूचे डोळे आठवले, आणि त्या डोळ्यांचा कायदा.

सांगून टाकावं, हे उघड होतं. पण एक सांगायचं म्हणजे ती सहाही सांगावी लागणार. इतके दिवस सुखानं राखण करणाऱ्या म्हातारीला म्हणायचं, की आत्याबाई, तुम्ही माझ्या बापाची शेवटची झाडं उपटलीत. सोनिया परत आली आणि कुंडी हळूच फिरवून तिनं जांभळी फांदी भिंतीकडं केली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ती पुन्हा उन्हाकडं आली होती. तिला वाटलं, पाणी घालताना फिरली असेल. तिनं परत फिरवली. असं सात-आठ दिवस चाललं, आणि तेवढ्यात फांदीवरची चार पानं पुरती जांभळी झाली. आता ती लांबूनही दिसत होती. भिंतीकडं केली तरी दिसत होती.

त्या दिवशी दुकानात एका गृहस्थाला ती तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगत होती. तो शेवटची ओळ चुकीची वाचत गेला आणि ती "बरोबर, बरोबर" म्हणत गेली. मालकांनी तिच्याकडं चष्म्यावरून पाहिलं. डोकं दुखतंय, असं सांगून ती दुपारी दोनलाच निघाली. आज सांगायचंच. औरंगपुऱ्याच्या गर्दीतून रिक्षा, हातगाड्या चुकवत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती, आणि क्रांती चौकापर्यंत तिची सगळी वाक्यं मोडली होती.

फाटक उघडलं तर कट्ट्याखाली फरशीवर पानं पडली होती.

ती तिथंच खाली बसली. हेल्मेट डोक्यावर तसंच. उशीर केला, पुन्हा उशीर केला, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. तिनं एक पान उचललं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. हिरवं होतं. दुसरं उचललं, तेही हिरवं. तिनं फरशीवरची सगळी पानं गोळा केली. एकही जांभळं नव्हतं.

मग तिनं वर पाहिलं. कुंडी भिंतीपासून पुढं ओढून भर उन्हात ठेवली होती. मधला हिरवा शेंडा गेला होता, आणि खाली, बाजूला, जांभळी फांदी एकटी, ताठ उभी होती.

सरूबाई दाराजवळ खुर्चीत बसली होती. तोडलेला शेंडा तिच्या हातात होता आणि ती तो नाकाशी धरून होती.

"शेंडा खुडला म्या," ती म्हणाली. "त्योच समदा जोर खात व्हता. आता ह्या फांदीला यील."

"आत्याबाई," सोनिया म्हणाली, "त्या फांदीला..."

"दिसलं की. आठ दिस झाले. डोळे तूच करून आणलेस." सरूबाईनं शेंडा मांडीवर ठेवला. "तू भिताडाकडं फिरवायचीस, मी उन्हाकडं फिरवायची. म्हणलं, बघू कोण थकतंय."

सोनियानं हेल्मेट काढलं. ते फरशीवर ठेवलं. सरूबाई तिच्याकडं पाहत नव्हती, कुंडीकडं पाहत होती.

"त्या कपातलं पाणी तू रोज बदलायचीस," ती म्हणाली. "रोगट रोपाला पाणी कोण बदलतं, माय?"

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.

"मग बोलला का नाहीत?"

"तूच बोलली नाहीस. मला वाईट वाटंल म्हणून गिळलंस समदं. मंग म्या बोलून तुझं ते गिळणं बी वाया घालवू व्हय?" सरूबाईनं पदरानं डोळे टिपले. त्यांना आता खरंच पाणी येत होतं. "कुणाचं हाय ते?"

"अण्णांचं," सोनिया म्हणाली. आणि मग ती रडली, फरशीवर बसून, हिरवी पानं ओंजळीत धरून, पाच वर्षांत रडली नव्हती तेवढी रडली. सरूबाई उठली नाही, जवळ आली नाही, उगी म्हणाली नाही. फक्त खुर्चीतूनच हात लांब करून तिनं सुनेच्या डोक्यावर ठेवला आणि रडणं पुरं होईपर्यंत तो तिथंच राहू दिला.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली की कृष्णाला तिनं सकाळीच फोन करून सांगितलंय, यंदा वेचणीला दुसरी बाई बघ. ह्या झाडाला तुरे येतील, तुऱ्यात बी भरेल, बी वाळेल. तोवर ती काही इथून हलायची नाही. सहा तिच्या हातानं गेली होती. सातव्याचं बी तिच्या हातानं धरलं जाईल, मग गाव.

सोनियानं तोंड पुसलं. ओंजळीतली पानं ठेवायला म्हणून ती कट्ट्यापाशी गेली, तेव्हा कुंडीमागं तिला काहीतरी काळं दिसलं. फिल्मच्या रोलची डबी. आतून-बाहेरून धुतलेली, उन्हात पालथी घातलेली, आणि शेजारी झाकण.

तिनं ती उचलायला हात पुढं केला.

"राहू दे," मागून सरूबाई म्हणाली. "चांगली वाळू दे. ओल राहिली तर बी टिकत नाय."